"सुट्टीला तुमचा कॅमेरा जातो, तुम्ही नाही": एका प्रतिक्रियेला उत्तर

हिवाळ्यातल्या सुट्ट्यांवरच्या माझ्या मागच्या लेखाखाली एक प्रतिक्रिया आली आहे. तिथेच चार ओळींत उत्तर लिहायला घेतलं होतं, पण ते वाढत गेलं, म्हणून इथे स्वतंत्र लिहिते आहे.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी सांगते. सुरुवात आहे "ताई, लेख गोड आहे" अशी. मग लिहिलंय की थंडीचं कौतुक हे अंगभर उबदार कपडे असणाऱ्यांचे चोचले आहेत, बर्फाच्या फोटोंत निळा रंग नंतर भरलेला दिसतो, हल्ली मोबाइल सगळं काढतो तेव्हा एवढं ओझं कशाला वाहायचं, आणि फोटोंखाली ठिकाण-वेळ काहीच का नाही. शेवटी हे वाक्य: "कॅमेऱ्याच्या भोकाला डोळा लावून बसणाऱ्याला सुट्टी कळतच नाही. सुट्टीला तुमचा कॅमेरा जातो, तुम्ही नाही."

आधी सुराबद्दल बोलते, कारण मला लागलंय ते तिथेच. "ताई" म्हणायचं, "गोड" म्हणून पाठीवर थाप मारायची आणि पुढच्याच ओळीत चोचले काढायचे, ही पद्धत मला पसंत नाही. टीका करायची तर सरळ करा. माझ्या फोटोंवर आजवर भरपूर टीका झाली आहे, तीही माझ्यापेक्षा कितीतरी जास्त जाणणाऱ्यांकडून, आणि तिच्यामुळेच मी घडले. पण ती माणसं फोटोसमोर उभी राहून बोलायची. इथे प्रकाश चुकला, इथे कडेला नको ते आलं, इथे तू घाई केलीस. तुम्ही फोटोंबद्दल एका रंगापलीकडे काही बोलला नाहीत. तुम्ही निकाल दिलात तो माझ्या मनात काय चाललं होतं त्यावर. मी त्या जागी होते की नव्हते हे तुम्ही कशावरून सांगता? तुम्ही माझ्याबरोबर नव्हता, आपली ओळखही नाही.

आणखी एक. तो लेख मी मजेत लिहिला होता. सुट्टीतही अंधारात उठायची माझी सवय, हातमोजा दातांनी ओढून काढणं, घरचे मला मागे ठेवून पुढे निघून जाणं, हे सगळं मी हसत सांगितलं होतं. तुम्ही त्यातलंच एकेक उचलून माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून मांडलंत. मोकळेपणाने सांगितलेलं असं उलटवलं गेलं की पुढच्या वेळी लिहिणाऱ्याचा हात आखडतो. माझा आखडणार नाही, पण जे नुकतंच लिहू लागलेत त्यांच्याशी कृपा करून असं वागू नका.

फोटोंखाली ठिकाण आणि वेळ हवी ही मागणी मात्र अगदी रास्त आहे. हिवाळ्याच्या फोटोत तर वेळ हवीच, कारण सूर्य इतका खालून जातो की सकाळचं ऊन कुठलं आणि दुपारचं कुठलं हे नुसत्या फोटोवरून ओळखू येत नाही. या आठवड्यात त्या ओळी घालते.

आता ते शेवटचं वाक्य.

मी फोटोग्राफीवर पोट भरते. म्हणजे बाकीच्यांच्या सुट्ट्या हे माझे कामाचे दिवस. लोक सजतात, जमतात, प्रवासाला निघतात, तेव्हा मी त्यांच्यासमोर उभी असते आणि मागच्या रांगेतल्या उंच माणसाला जरा खाली वाकायला सांगत असते. तिथे फोटो कुणीतरी मागितलेला असतो. सगळे चेहरे दिसले पाहिजेत, कुणाचे डोळे मिटलेले चालणार नाहीत, अमक्या दिवसापर्यंत हातात पडले पाहिजेत. हे काम मला आवडतं. पण ते करताना बघायला वेळ नसतो. मी तपासत असते. वर्षातून जी थोडी सुट्टी माझ्या वाट्याला येते तिच्यात माझ्याकडे कुणी काही मागितलेलं नसतं. गोठलेल्या डबक्यावरच्या भेगा मी अख्खी सकाळ बघत बसू शकते, आणि त्यातली एकही टिपली नाही तरी कुणाला उत्तर द्यावं लागत नाही. कॅमेरा तोच असतो, माणूस तीच असते, पण दिवस वेगळा असतो. ज्याला तुम्ही "डोळा लावून बसणं" म्हणता, ती माझी सुट्टी आहे. तुमची वेगळी असेल. तुमची खोटी आहे असं मी कुठेही लिहिलेलं नाही.

मी रोलवर शिकले. पस्तीस मिलीमीटरच्या एका रोलमध्ये ३६ फोटो, संपले की संपले. कडक थंडीत फिल्म ठिसूळ होते. हवा कोरडी असेल आणि रोल घाईने पुढे सरकवला तर घर्षणाने स्थिर वीज तयार होते, तिच्या ठिणग्या फिल्मवर उमटतात आणि धुतल्यावर आकाशभर फांद्यांसारख्या रेघा दिसतात. म्हणून आम्हाला पहिल्याच हिवाळ्यात सांगितलं गेलं होतं की थंडीत रोल हळू फिरवायचा आणि त्याआधी हा फोटो खरंच हवाय का ते ठरवायचं. ती सवय अजून गेलेली नाही. आता कॅमेऱ्यात रोल नाही, हजारो फोटो मावतात, पण थंडीत माझा हात आपोआप सावकाश होतो. मी आधी बघते, बराच वेळ बघते, आणि मग कधीतरी शटर दाबते. भोकाला डोळा लावून नुसती बसलेली नसते.

आणि थंडीत हे करणं म्हणजे काय असतं, तेही सांगते. लिथियम-आयन बॅटरी गारठली की आतली रासायनिक क्रिया मंदावते, अंतर्गत रोध वाढतो आणि भरलेली बॅटरीही संपल्यासारखी वागते. ऊब मिळाली की ती पुन्हा चालू लागते. म्हणून एक बॅटरी कॅमेऱ्यात आणि दुसरी सगळ्यात आतल्या खिशात, अंगाला लागून, अशी अदलाबदल करत राहावी लागते. व्ह्यूफाइंडरवर, म्हणजे तुमच्या त्या भोकावर, श्वास पडला की तो धुरकटतो, फारच थंडी असेल तर वर बर्फाचा पापुद्रा धरतो. म्हणून डोळा लावण्याआधी श्वास बाजूला सोडायचा. परत उबेत येताना कॅमेरा बाहेरच पिशवीत घट्ट बंद करायचा आणि तो खोलीइतका गरम होईपर्यंत उघडायचा नाही. नाहीतर खोलीतल्या दमट हवेतलं पाणी थंड काचेवर जमा होतं. पायाखालचा बर्फ किती भुसभुशीत आहे, वारा कोणत्या बाजूने येतोय, बोटांची जाणीव अजून शाबूत आहे का, हे सगळं सतत डोक्यात असतं. थंडीत फोटो काढणाऱ्या माणसाइतकं त्या जागी दुसरं कुणी हजर नसतं. बाकीचे काच लावलेल्या खिडकीतून "किती सुंदर!" म्हणतात आणि वळतात. कॅमेरा नसता तर मीही त्यांच्यातच असते. मला बाहेर थांबवून ठेवतो तो कॅमेरा.

हे एकट्या माझं नाही. २२ फेब्रुवारी १८९३ ला आल्फ्रेड स्टीग्लिट्झ हा अमेरिकन फोटोग्राफर न्यूयॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यूवर हिमवादळात तीन तास उभा होता, एका क्षणाची वाट बघत. हातात छोटा, उचलून नेता येणारा कॅमेरा. असल्या कॅमेऱ्याला तेव्हा हौशी लोकांचं खेळणं समजत. त्या फोटोत बर्फात चाकांच्या खोल चाकोऱ्या आहेत आणि त्यातून घोडागाडी अंगावर येताना दिसते. जवळून जाणाऱ्या शेकडो माणसांनी तोच रस्ता, तेच वादळ पाहिलं असणार. त्यांच्यापैकी किती जणांनी ते तीन तास पाहिलं? कॅमेरा तिथे गेला आणि स्टीग्लिट्झ गेला नाही, असं त्याला कुणी म्हणू शकेल का?

किंवा विल्सन बेंटली घ्या. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात जेरिको नावाच्या गावातला शेतकरी. १५ जानेवारी १८८५ ला, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याने कॅमेऱ्याला सूक्ष्मदर्शक जोडून हिमस्फटिकाचा फोटो काढला. पुढची सेहेचाळीस वर्षं प्रत्येक हिवाळ्यात तो हेच करत राहिला. न तापवलेल्या पडवीत, कारण ऊब लागली तर स्फटिक वितळणार. बर्फ पडताना काळ्या फळीवर झेलायचा, त्यातला एक स्फटिक निवडायचा, काचेवर ठेवायचा आणि तो नाहीसा होण्याआधी टिपायचा. पाच हजारांवर फोटो झाले. आज कुणीही सहज म्हणतं की बर्फाचे दोन कण एकसारखे नसतात. ही गोष्ट जगाच्या बोलण्यात आली ती मोठ्या प्रमाणावर या माणसामुळे. बर्फ त्याच्या शेजाऱ्यांच्या अंगणातही पडत होता. दिसला त्याला, कारण त्याने भोकाला डोळा लावला होता.

तुमच्यासारखं बोलणाऱ्यांच्या मदतीला बहुतेक वेळा एक अभ्यास येतो. तुम्ही त्याचं नाव घेतलं नाहीत, पण मीच घेते. लिंडा हेंकेल या मानसशास्त्राच्या प्राध्यापिकेने विद्यार्थ्यांना एका कलासंग्रहालयात फिरवलं. काही वस्तूंचे फोटो काढायला सांगितले, काही नुसत्या बघायला. दुसऱ्या दिवशी विचारलं तेव्हा फोटो काढलेल्या वस्तू कमी आठवल्या. २०१४ मध्ये हे छापून आलं आणि तेव्हापासून कॅमेरा गळ्यात असलेल्या प्रत्येकाला ते ऐकवलं जातं. त्याच निबंधातला पुढचा भाग मात्र कुणी सांगत नाही. ज्यांना वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून फोटो काढायला सांगितलं होतं, त्यांची आठवण कमी झाली नाही. इतकंच नाही, फ्रेमबाहेर राहिलेला भागही त्यांना तितकाच आठवत होता. म्हणजे दाखवलेल्या वस्तूवर कॅमेरा रोखून बटण दाबणं वेगळं आणि यातलं काय घ्यायचं हे निवडणं वेगळं. मी आयुष्यभर दुसरी गोष्ट करत आले आहे.

पुढे २०१६ मध्ये क्रिस्टिन डील, गॅल झॉबरमन आणि अलिक्झांड्रा बराश या संशोधकांनी अनेक प्रयोग एकत्र प्रसिद्ध केले. फोटो काढणारे लोक अनुभवात जास्त गुंततात आणि त्यामुळे चांगल्या अनुभवाचा आनंदही जास्त घेतात, असं त्यांत दिसलं. मात्र फोटो काढणंच अनुभवाच्या आड येत असेल तर तो फायदा राहत नाही, हेही त्यांनी नोंदवलं आहे. २०१७ च्या त्यांच्या आणखी एका अभ्यासात, स्वतःच्या मर्जीने फोटो काढणाऱ्यांना पाहिलेलं जास्त आठवलं, ऐकलेलं मात्र कमी. ही दुसरी बाजू मी लपवत नाही. ऐकण्याचा थोडा वाटा जात असेल तर जाऊ दे. बर्फ पडून गेल्यावर तसंही ऐकायला थोडंच उरतं. ताज्या बर्फाच्या थरात हवेच्या असंख्य पोकळ्या असतात आणि त्या आवाज शोषून घेतात. बघायला मात्र त्याच वेळी सगळ्यात जास्त असतं.

का असतं, तेही सांगते, कारण हिवाळा हाच त्या लेखाचा जीव होता आणि तुम्ही त्याला चोचले म्हणून बाजूला सारलंत. पृथ्वीचा अक्ष २३.४ अंशांनी कललेला आहे. उत्तरेकडे ४० अंश अक्षांशावर उभं राहिलात तर २१-२२ डिसेंबरला भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून साधारण साडेसव्वीस अंशांपर्यंतच चढतो. तेव्हा माणसाची सावली त्याच्या उंचीच्या दुप्पट पडते. जूनमध्ये त्याच जागी, त्याच वेळी, ती उंचीच्या जेमतेम तीन दशांश असते. उन्हाळ्यात दुपारी कॅमेरा पिशवीत ठेवावा लागतो. ऊन डोक्यावर, डोळ्यांखाली काळे खड्डे, सगळं सपाट. हिवाळ्यात तोच सूर्य दिवसभर बाजूने बघतो. भिंतीचा खरखरीतपणा, गवताचं पातं, बर्फावर पक्ष्याच्या पायाचा उथळ ठसा, प्रत्येकाला सावली मिळते. उत्तर गोलार्धातल्या कडाक्याच्या थंडीत, जानेवारीच्या सुरुवातीला, पृथ्वी सूर्याला सगळ्यात जवळ असते, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर, आणि जुलैत ती १५.२ कोटींवर जाते. थंडी येते ती अंतरामुळे नव्हे, कलण्यामुळे. म्हणजे जी गोष्ट लोकांना पांघरुणात ढकलते तीच हा प्रकाश देते. हे शाळेत सगळ्यांनी शिकलेलं असतं. मला ते पटलं एका उघड्या मैदानात, दुपारी बारा वाजता, स्वतःची लांबच लांब सावली फ्रेममधून बाहेर कशी ठेवायची या खटपटीत. ते पटायला मी तिथे असावं लागलं.

घरच्यांचा विषयही तुम्ही काढलात: "बरोबरच्यांना विचारा, त्यांना कोण आठवतं, तुम्ही की तुमची पाठ?" हे वाक्य मी आधी मुद्दाम दिलं नव्हतं, कारण ते मला उद्धट वाटलं आणि अजूनही वाटतं. माझ्या घरच्यांना काय आठवतं हे त्यांना आणि मला माहीत आहे. आमच्या सुट्टीच्या फोटोंत मी फारशी दिसत नाही, हे खरं आहे. ज्या घरात फोटो काढणारं एकच माणूस असतं तिथे हे असंच होतं. त्याचं दुःख करायचं की नाही हे माझं मी बघेन. एवढं सांगते की मी मागे राहते तेव्हा त्यांच्याकडेच बघत असते. पुढे चाललेल्या माणसांचं चालणं, त्यांच्या खांद्यांची ठेवण, कोण कुणाचा हात कधी धरतं, हे बरोबर चालताना दिसत नाही. आमच्या घरात कुणाचं चालणं वयाने बदललं हे सगळ्यांत आधी माझ्या लक्षात आलं होतं, आणि ते अशाच एका सुट्टीत, लेन्समधून. त्यानंतर आम्ही चालायची अंतरं कमी केली. कॅमेरा एकटा गेला असता तर हे कुणी केलं असतं?

बाकीच्या मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही.

निळा रंग मी भरलेला नाही. बर्फातल्या सावलीवर थेट ऊन पडत नाही, तिथे प्रकाश येतो तो आकाशाकडून, आणि आकाश निळं असतं. डोळा ती निळाई मेंदूच्या मदतीने पुसून टाकतो, कॅमेरा पुसत नाही. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कुठला प्रकाश पांढरा धरायचा ते, उन्हासाठी ठेवला तर सावल्या निळ्याच येणार. जे केलं ते एक्स्पोजरमध्ये, म्हणजे फोटोत किती प्रकाश घ्यायचा त्यात. कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर समोरचं सगळं मध्यम करडं धरून चालतो आणि ताजा बर्फ तर त्याच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी ८० ते ९० टक्के परत पाठवतो. मीटरचं ऐकलं तर बर्फ राखेसारखा दिसतो. म्हणून एक ते दोन स्टॉप वाढवावे लागतात (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). यात लबाडी नाही, उलट बर्फ पांढरा दिसावा म्हणूनच हे करायचं. आरोप करण्याआधी एकदा कोवळ्या उन्हात बर्फावरच्या सावलीकडे नीट बघा.

मोबाइलने चांगले फोटो निघतात, मीही काढते. मी काय वाहायचं हे माझ्या खांद्यावर सोडा.

थंडी अनेकांसाठी हालाची असते, हे मला सांगायला नको. मी पहाटे बाहेर असते, रस्त्यावर कोण कसं झोपलेलं असतं ते मला दिसतं. तो लेख त्यावर नव्हता. एका लेखात सगळ्या जगाचं दुःख आलंच पाहिजे, नाहीतर आनंदावर लिहायचंच नाही, ही अट मी मानत नाही. त्या विषयावर लिहीन तेव्हा तो स्वतंत्र, पूर्ण लेख असेल आणि त्यात माझ्या सुट्टीचं नावही नसेल.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणार नाही. फोटोंबद्दल काही म्हणायचं असेल तर जरूर लिहा, कितीही कडक लिहा, मी प्रत्येक मुद्द्याला उत्तर देईन. पण मी कुठे होते आणि कुठे नव्हते हे पुन्हा ठरवायला आलात, तर उत्तर मिळणार नाही. आणि "ताई" नको.